माल्टा: वालेटाचे सेंट जॉन्स की मोस्टाचा घुमट?

माल्टात एकच चर्च पाहण्याइतका वेळ असेल, तर माझ्या मते वालेटाचे सेंट जॉन्स सह-कॅथेड्रल निवडावे. १५७०च्या दशकात सेंट जॉन संघाच्या धर्मयोद्ध्या सरदारांनी बांधलेली ही वास्तू बाहेरून किल्ल्यासारखी रुक्ष दिसते. आत मात्र मात्तिया प्रेतीने रंगवलेले छत, पायांखाली सरदारांच्या रंगीत संगमरवरी समाध्या आणि इटालियन चित्रकार कॅराव्हॅज्योचे १६०८ मधील, त्याची स्वाक्षरी असलेले एकमेव ज्ञात चित्र आहे, ज्यापुढून पाय निघत नाही. मोस्टाच्या चर्चमध्ये असे कलावैभव नाही, तरीही गावकऱ्यांच्या श्रमदानातून, बांधकाम होईपर्यंत जुने चर्च आत तसेच ठेवून त्याभोवती १९व्या शतकात उभारलेला तो विशाल घुमट मला अधिक जवळचा वाटतो. ९ एप्रिल १९४२ रोजी तो भेदून आत पडलेला बॉम्ब फुटलाच नाही.