एफ-150 साठी सुपरचार्जर निवडताना: घाटाचा हिशेब

डेन्व्हरहून आंतरराज्य महामार्ग 70 ने पश्चिमेकडे निघाले की आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत घाट चढावा लागतो, आणि हा बोगदा 11,158 फूट उंचीवर आहे. माझ्या 2018 च्या फोर्ड एफ-150 या पिकअप ट्रकमधील 5.0 लिटर व्ही-8 इंजिनाची ताकद कागदावर 395 अश्वशक्ती असली, तरी तेवढ्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे 70 टक्के उरते, आणि हवाच कमी मिळाली की इंजिनाला जाळता येणारे इंधनही त्याच प्रमाणात घटते. मागे कॅम्पर (ओढून न्यायचे फिरते घर) जोडलेला असला की गिअरबॉक्स सारखा खाली उतरे, इंजिन मिनिटाला 5,000 फेऱ्यांच्या पुढे गरजत राही आणि तरीही मला उजव्या मार्गिकेत मालट्रकांच्या मागे रांगेत राहावे लागे. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र, घेण्याचे कारण एवढेच होते. शर्यत लावण्याची हौस मला नाही.

या इंजिनासाठी मिळणाऱ्या किटांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. प्रोचार्जर आणि व्हॉर्टेक या कंपन्यांचे सुपरचार्जर केंद्रोत्सारी पद्धतीचे, म्हणजे पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्याने हवा दाबणारे असतात. त्यांचा दाब इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढत जातो, त्यामुळे वरच्या फेऱ्यांत ते उत्तम काम करतात, पण 2,000 फेऱ्यांवर, जिथे ओझे ओढणाऱ्या गाडीला खरी गरज असते, तिथे त्यांचा हात आखडता राहतो. व्हिपल कंपनीच्या 3.0 लिटर किटमध्ये एकमेकांत गुंतलेले दोन स्क्रू असतात आणि हवा त्यांच्या आतच दाबली जाते. रौश कंपनीच्या किटमध्ये ईटन कंपनीचे टीव्हीएस जातीचे, चार पाळ्यांचे (उंचवट्यांचे), पीळ दिलेले रोटर, म्हणजे फिरते दांडे, असतात. एका फेरीत 2.65 लिटर हवा पुढे ढकलणारी ही रचना मुळात 1860 मध्ये इंडियानातल्या रूट्स बंधूंनी पेटंट घेतलेल्या हवा-पंपाच्या कुळातली आहे. हे दोन्ही प्रकार पायडल दाबताक्षणी बळ देतात. जाहिरातींत 650 आणि 700 अश्वशक्ती असे आकडे झळकतात, परंतु ते वरच्या फेऱ्यांचे असतात. ट्रकवाल्याने विक्रेत्याकडे टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या पिळण्याच्या जोराचा, आलेख मागावा आणि त्यात 2,000 ते 3,500 फेऱ्यांमधली रेघ पाहावी. तीच पाहून मी टीव्हीएस रोटरचे किट घेतले आणि त्या निवडीबद्दल मी पूर्ण समाधानी आहे.

बसवण्याचे काम मात्र मनस्ताप देणारे ठरले. इंजिनातल्या सिलिंडरांच्या व्ही आकाराच्या मधोमध बसणाऱ्या सुपरचार्जरची हवा थंड करण्यासाठी इंटरकूलरच्या पाण्याचे वेगळे वर्तुळ असते, आणि ज्या कार्यशाळेला मी काम दिले होते तिने त्यातली हवा नीट काढलीच नव्हती. पहिल्याच चढावर आत जाणाऱ्या हवेचे तापमान झपाट्याने वाढले आणि संगणकाने इग्निशनची ठिणगी उशिरा पाडून ताकद कापली. घरी येऊन मी पाण्याच्या टाकीचे झाकण उघडले, तर पंपाची घरघर ऐकू येत होती, पण पाणी जागचे हलत नव्हते. ट्रकचे नाक उंच करून तासभर बुडबुडे काढले, तेव्हा कुठे टाकीत भोवरा दिसू लागला. म्हणून कार्यशाळा ठरवताना मजुरीच्या दराआधी हवा कशी काढता आणि परीक्षणासाठी गाडी कोणत्या चढावर नेता, हे विचारावे.

आता तोच घाट कॅम्परसह चढताना इंजिन बरेच खालच्या फेऱ्यांत राहते आणि पुढच्या मालट्रकला ओलांडण्यासाठी मोकळ्या जागेची वाट पाहावी लागत नाही. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: पट्ट्यावर चालणारा सुपरचार्जर विरळ हवाच ओढतो, त्यामुळे उंचीवर त्याचीही ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते, फरक इतकाच की घट मोठ्या आकड्यातून होते. इंजिनाच्या धुराच्या झोताने फिरणारा टर्बो स्वतःचा वेग वाढवून ही तूट बरीचशी भरून काढतो. ज्यांनी अजून ट्रक घेतलेला नाही आणि ज्यांना मुख्यतः डोंगरात ओझे ओढायचे आहे, त्यांनी फोर्डचे टर्बो असलेले 3.5 लिटर इकोबूस्ट इंजिनच घ्यावे, असे माझे प्रामाणिक मत आहे. किटची 8 ते 10 हजार डॉलरची किंमत आणि वर बसवण्याची मजुरी ज्याच्याकडे व्ही-8 आधीच आहे आणि ते विकायचे नाही, त्यालाच परवडते.

इंधनाकडेही लक्ष हवे. 2018 पासून या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) 12:1 आहे आणि त्यावर आणखी दाब चढवायचा, म्हणजे नॉकिंगला, इंधन अवेळी पेटून इंजिनाला धक्के बसण्याला, आमंत्रण; ऑक्टेनचा आकडा जितका मोठा तितके इंधन नॉकिंगला अधिक तोंड देते, म्हणून कोलोरॅडोत पंपावर साधे म्हणून मिळणारे 85 ऑक्टेनचे पेट्रोल अशा इंजिनात एकदाही भरू नये, 91 चेच भरावे आणि ट्यूनही, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची जुळणीही, 91 साठीच करून घ्यावी. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी तिथल्या हवाप्रदूषण रोखणाऱ्या सरकारी मंडळाचा मंजुरी क्रमांक किटवर असल्याशिवाय पैसे देऊ नयेत, नाहीतर धूर तपासणीत गाडी अडकते. आणि ताकद वाढली म्हणून ओढण्याची अधिकृत मर्यादा वाढत नाही: ब्रेक, चासी, आस आणि गिअरबॉक्स तेच राहतात, म्हणून दरवाजाच्या चौकटीवरच्या पट्टीतले वजन मी आजही तंतोतंत पाळतो आणि उताराला पूर्वीइतक्याच खालच्या गिअरमध्ये उतरतो.