टॉपस्पिन २के२५ : एक पावसाळा खेळून काढल्यानंतर

टॉपस्पिन २के२५ हा टेनिसचा गेम एप्रिल २०२४ मध्ये आला, तेव्हा या मालिकेतला आधीचा टॉप स्पिन ४ येऊन तेरा वर्षे झाली होती. मी तो प्लेस्टेशन ५ वर घेतला आणि बेळगावचा अख्खा पावसाळा त्याच्या संगतीत घालवला. आमच्याकडे जून लागला की मातीच्या कोर्टांवर पाय ठेवण्याची सोय राहत नाही, त्यामुळे ज्याला एरवी सकाळी रॅकेट घेऊन बाहेर पडायची सवय आहे, अशा माणसाच्या नजरेने हा अभिप्राय लिहीत आहे. गेममध्ये टेनिसचा खरेपणा किती असावा आणि त्यापायी खेळण्याची मजा किती गमवावी, हा प्रश्न पहिल्या आठवड्यात पडतो आणि पुढे महिने गेले तरी पाठ सोडत नाही.

या गेमचा सगळा जीव प्रत्येक फटक्यासोबत दिसणाऱ्या टायमिंगच्या पट्टीत आहे. बटण नुसते टिचकावले तर सांभाळून मारलेला, नियंत्रणाचा फटका जातो. दाबून धरून नेमक्या क्षणी सोडले तर जोराचा फटका जातो, आणि हात थोडा आधी किंवा उशिरा सुटला तर पट्टी ते स्पष्ट दाखवते. निपाणीहून सुट्टीला आलेला माझा भाचा सुरुवातीला प्रत्येक चेंडू जिवाच्या आकांताने हाणत होता. एकदा तो बॅकहँडच्या कोपऱ्यातून धावत फोरहँडला आला, पूर्ण हात ताणून जोराचा फटका मारला आणि चेंडू बेसलाइनच्या बाहेर गेला. ‘‘मामा, बरोबर सोडलं होतं की ओ, मग औट कसा गेला?’’ असे तो वैतागून म्हणाला. पट्टीकडे पाहिले तर सोडण्याची वेळ किंचित उशिराची होती. उभे राहून शांतपणे मारताना तेवढा उशीर खपून गेला असता. धावत, तोल जाऊन मारताना तो खपला नाही. प्रत्यक्ष कोर्टावरही हेच घडते, आणि पॉइंट का गेला हे गेम लपवत नाही, म्हणून हरल्यावर राग आपल्याच पायांवर येतो. संध्याकाळपर्यंत तो दोन पावले आधी निघू लागला होता, आणि माझ्या मते इथे खरेपणा आणि मजा यांची कोठे भांडणे उरत नाहीत.

खरेपणा कमी केला की मजा वाढते, असे म्हणणाऱ्यांनी सेगाचा जुना व्हर्चुआ टेनिस आठवून पाहावा. १९९९ मध्ये आर्केडमध्ये आलेल्या त्या गेमात चेंडू सहसा बाहेर जातच नसे, तरी तो उथळ वाटत नसे, कारण चेंडूपाशी लवकर पोहोचून लवकर तयारी करणाऱ्याचा फटका जोरदार जाई आणि उशिरा पोहोचणाऱ्याच्या वाट्याला गुळमुळीत परतावा येई. बाकी सगळे सोडून टेनिसमधले हे एकच सत्य त्याने घट्ट धरले होते. २०१८ च्या मारियो टेनिस एसेसमध्ये तर चुकीच्या वेळी अडवलेल्या फटक्याने रॅकेट मोडते, जे जगात कुठल्याही कोर्टावर होत नाही, पण अडवावे की सोडून द्यावे हा क्षणात घ्यायचा निर्णय अस्सल खेळाडूचाच असतो. थोडक्यात, कोणते सत्य ठेवले आणि कोणते गाळले, यावर गेमची परीक्षा करायला हवी.

टॉपस्पिनने ठेवलेल्या सत्यांपैकी मला सर्वांत भावले ते पृष्ठभागाचे. क्ले कोर्टवर चेंडू मंदावतो, उंच उसळतो आणि रॅली लांबते. ग्रासवर तो खाली राहून सर्रकन पुढे निघून जातो. आमच्या खानापूर रस्त्याकडच्या तांबड्या मातीवर खेळलेल्यांना क्लेवरचा हा संथपणा ओळखीचा वाटेल. डावखुऱ्या खेळाडूकडून अॅड कोर्टातून, म्हणजे सर्व्हिस करणाऱ्याच्या डाव्या हाताच्या अर्ध्या भागातून, बाहेर वळणारी स्लाइस सर्व्हिस घेऊन पाहा: उजव्या हाताचा प्रतिस्पर्धी बॅकहँडच्या बाजूने साइडलाइनबाहेर ओढला जातो आणि अर्धे कोर्ट मोकळे पडते. ही चाल टेनिसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि इथेही ती तशीच चालते.

सामन्याची लांबी मात्र विचार करून ठरवावी लागते. जोराचे फटके आणि धावपळ यांनी खेळाडूची ताकद खाली येते, पण सेट अगदी छोटे ठेवले तर दमण्याची वेळ येण्याआधीच सामना आटोपतो, मग चेंडू हाणत सुटणाराच जिंकतो आणि परतावे देत प्रतिस्पर्ध्याला थकवणारा शहाणा खेळाडू बिनकामाचा ठरतो. सेट लांबवले की तोच शहाणा खेळाडू वर येतो, पण रात्री जेवणानंतर बसलेल्या माणसाला झोपेवर पाणी सोडावे लागते. मी मधल्या लांबीवर स्थिरावलो आहे. त्याहून कमी करू नये, असा माझा आग्रह राहील.

आपला एक खेळाडू घडवत वर न्यायचा, त्या करिअर विभागाबद्दल माझे मत तितके चांगले नाही. महिन्यामागून महिना सराव, खास कार्यक्रम, स्पर्धा, मग थकवा, मग विश्रांती, आणि विश्रांती टाळली तर दुखापत, असे ते चक्र आहे. व्यावसायिक खेळाडूचे वर्ष असेच जाते हे मान्य, पण वेळापत्रक सांभाळण्याचा हा खरेपणा हातातल्या फटक्याला काहीही देत नाही. चार ग्रँडस्लॅम असल्याने ओढ टिकते, माजी टेनिसपटू जॉन मॅकेन्रोंचे, गेममधल्या खेळ शिकवणाऱ्या अकादमीतले धडेही ऐकण्यासारखे आहेत. सामन्यात समालोचन नाही, त्याची उणीव मला फारशी भासली नाही. खेळायला घेता येणाऱ्या खेळाडूंत फेडरर आणि सेरेना आहेत, नदाल आणि जोकोविच मात्र गेम आला तेव्हा यादीत नव्हते. या विभागाला सर्व्हरशी सतत जोडणी लागते, ही बाब पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही लहरीवर चालणाऱ्या आमच्या भागातल्या वाचकांनी घेण्याआधी ध्यानात ठेवावी. वादळी संध्याकाळी मी करिअर बाजूला ठेवून घरच्या घरी दोघांचे सामने खेळत असे, आणि खरे सांगायचे तर गेमचा सर्वांत चांगला भाग तोच आहे.

एक गोष्ट टीव्हीबद्दल सांगायला हवी, कारण तिच्यापायी चांगला गेम नाहक बदनाम होतो. आजकालचे टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात ते किंचित उशिरा दाखवतात. सिनेमा पाहताना ते कळत नाही, पण टायमिंगच्या पट्टीवर तेवढा उशीर फटका बिघडवायला पुरतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करावा, मगच आपले टायमिंग कसे आहे ते ठरवावे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ऑनलाइन खेळतानाही हीच अडचण येते, आणि तिथे टीव्हीचे कोणतेही सेटिंग उपयोगी पडत नाही. अशा जोडणीवर जोराचे फटके टाळून नियंत्रणाचे फटके खेळलेले बरे. केवळ करिअरसाठी घेणाऱ्यांनी सवलतीची वाट पाहावी. घरात दुसरा कंट्रोलर आणि तो हातात घेणारे माणूस असेल, त्यांनी थांबण्याचे कारण नाही.