एबीएसचा सेन्सर बदलून नऊ महिने झाले: दिवा विझला, ब्रेक मात्र सुधारला नव्हता

एबीएस म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि चाक किती वेगाने फिरतंय हे तिला सांगतो तो सेन्सर. बाहेरचा स्वस्त सेन्सर बसवल्यावर आठच दिवसांत मी त्याच्याबद्दल 'बिनधास्त घ्या' असं लिहून मोकळा होणार होतो. राहून गेलं ते बरंच झालं. त्यानंतर माझं मत दोनदा फिरलं.

पिकअप २२ वर्षं जुनी आहे. पुढच्या दोन्ही चाकांच्या हबमध्ये (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) एकेक सेन्सर आणि मागच्या दोन चाकांना मिळून डिफरेन्शिअलवर (मागच्या अॅक्सलमधला गिअरचा डबा) एकच. एबीएसचा पिवळा दिवा लागला, गॅरेजच्या स्कॅनरने पुढचं डावं चाक दाखवलं. कंपनीचा सेन्सर परवडेना म्हणून बाहेरचा स्वस्त घेतला. बसवला, दिवा गेला, मी खूश.

तीन महिन्यांनी खरा त्रास सुरू झाला. गाडी जवळजवळ थांबलेली, वेग ताशी १०-१५ किलोमीटर, पाय हलकाच पेडलवर. तेवढ्यात पेडल पायाखाली थरथरायचं, गुर्रर्र असा आवाज यायचा आणि गाडी थांबायच्या ऐवजी पुढे सरकायची. पहिल्यांदा रस्ता ओला होता, म्हणून मनावर घेतलं नाही. मग कोरड्या रस्त्यावरही तेच. एकदा पुढच्या गाडीच्या बंपरपासून हातभर अंतरावर थांबलो. त्या रात्री झोप लागली नाही. भर वेगात ब्रेक उत्तम लागतो आणि शेवटच्या दोन-तीन मीटरांत दगा देतो. पायी माणसं रस्ता ओलांडतात ती नेमकी याच अंतरात.

आणि दिवा? दिवा लागतच नव्हता.

विक्रेत्याकडे गेलो. तो म्हणाला, "दिवा लागत नाही ना? मग सेन्सर चांगला आहे." वॉरंटी नाकारली. माझ्याकडचं छोटं कोड रीडर 'दोष नाही' म्हणत होतं, पण ते फक्त इंजिनाचे कोड वाचतं. एबीएसचे कोड 'सी' अक्षराने सुरू होतात, त्यांच्यापर्यंत ते पोचतच नाही. गॅरेजवाल्याने सरळ अख्खा हब बदलायला सांगितला. ते नको असेल तर म्हणे फ्यूज काढून टाका, पूर्वीच्या गाड्या एबीएसशिवायच चालायच्या.

फ्यूज काढायचा सल्ला मला मुळीच पटला नाही. पिकअप रिकामी असली की मागचा भाग हलका असतो. जोरात ब्रेक दाबला की मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडीचं शेपूट फिरतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पिकअपमध्ये एबीएस आलं, ते बऱ्याच गाड्यांत फक्त मागच्या चाकांसाठी आलं, ते याच कारणाने. शिवाय काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर किती ठेवायचा हेही एबीएसचाच कंप्युटर ठरवतो. फ्यूजबरोबर तेही जातं.

रागाच्या भरात दुसरा सेन्सर आणला. बसवला, आणि त्याच दिवशी पुन्हा गुर्रर्र. दोन वेगवेगळे सेन्सर एकसारखाच दोष कसे दाखवतील? इथे माझी शंका सेन्सरवरून उठली.

एबीएस वाचणारा स्कॅनर उसना घेतला, सोबत एकाला बसवलं आणि मोकळ्या जागेत ताशी ३०वरून हळूहळू थांबत चाकांचे वेग बघायला सांगितले. उजवं चाक आणि मागचा सेन्सर बरोबरीने उतरत होते. डावं मात्र ते दोघे १२ दाखवत असतानाच एकदम शून्यावर! कंप्युटरला वाटणार की डावं चाक जाम झालं, म्हणून तो त्याचा ब्रेक सोडणार. त्याच्याकडे आलेल्या माहितीप्रमाणे तो बरोबरच वागत होता.

या जातीच्या सेन्सरमध्ये लोहचुंबक आणि तारेची गुंडाळी असते. समोरून दातेरी रिंग फिरली की एसी व्होल्टेज तयार होतं. चाक हळू फिरलं की व्होल्टेज कमी, आणि सेन्सर रिंगपासून लांब गेला तर आणखी कमी. अगदी थांबता थांबता सगळेच शून्य दाखवतात, तो दोष नाही. पण एकच चाक इतरांच्या आधी शून्यावर गेलं, तर अंतर वाढलेलं असण्याची शक्यता मोठी. मल्टिमीटर लावला. रेझिस्टन्स डाव्या-उजव्याचा जवळपास सारखा. चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवलं, तर डाव्याचं व्होल्टेज उजव्याच्या निम्मंही नाही. वायर अखंड असल्यामुळे कंप्युटरला तक्रारीला जागाच नव्हती, म्हणून दिवा नाही. (नव्या गाड्यांतल्या हॉल जातीच्या, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेल्या सेन्सरला ही रेझिस्टन्सची परीक्षा लावू नका.)

सेन्सर काढला आणि हबवरची बैठक पाहिली. लोखंडावर गंजाचे पापुद्रे चढले होते, त्यांनी सेन्सर खालून उचलून तिरका केला होता. गॅरेजने जुन्या गंजावरच नवा सेन्सर आवळला होता, आणि दुसऱ्या वेळी मीही तेच केलं. २००५ साली अमेरिकेत, हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यांतल्या लाखो पिकअप याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या. ती गाडी वेगळी, रोग हाच.

भोकात कापडाचा बोळा घातला, कारण गंजाचा चुरा आत पडला तर चुंबकाला चिकटतो आणि बेअरिंगचीही वाट लागते. वायर ब्रश, मग बारीक पॉलिश पेपर, लखलखीत धातू दिसेपर्यंत. गंजरोधक लेप अगदी पातळ दिला, तो वाळल्यावर ग्रीसचा हात. आणि मुद्दाम पहिलाच स्वस्त सेन्सर परत बसवला. गुर्रर्र बंद. सहा महिने झाले, एकदाही नाही.

तेव्हा त्या सेन्सरबद्दल मनात जे वाईट आलं होतं ते मागे घेतो. तक्रार आता एकच, त्याच्या केबलवरचं रबर बोटभर चुकीच्या जागी आहे. स्टीअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं की केबल ताणली जाते. असं रोज झालं तर आतली तार तुटेल आणि वरून काही दिसणारही नाही. क्लिप थोडी सरकवून बांधली आहे, दर महिन्याला हाताने चाचपून बघतो.

मागच्या आठवड्यात बैठक पुन्हा उघडली. कडेला पुसट तपकिरी रेघ होती, ती घासून काढली. उजव्या बाजूलाही पापुद्रा धरू लागला होता, तोही साफ केला. स्कॅनरवर आता तिन्ही आकडे बरोबरीने उतरतात. दुसरा सेन्सर एकदा बसवला होता म्हणून विक्रेता परत घेत नाही, तो तसाच खोक्यात पडून आहे.