ग्रोमेट नावाची एवढीशी नळी: ३०५ ग्रॅमच्या फ्रेमबरोबर नऊ महिने

टेनिस रॅकेटचं गट (विणलेली तार) त्याच जागी तिसऱ्यांदा तुटलं, म्हणून हे लिहायला घेतलं. गट मध्यात तुटलं तर कुणी काही बोलत नाही, ते तिथंच तुटायचं असतं. हे तुटत होतं वर, घड्याळात ११ वाजतात त्या जागी, फ्रेमला लागून. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "मालक, गटच भंगार आलंय. दुसरं टाकून देतो." आता हे गट २०० मीटरच्या एकाच रीलमधलं. त्याच रीलचं गट दुसऱ्या फ्रेममध्ये मरेपर्यंत टिकलं, मध्यात खाचा पडल्या आणि मगच गेलं. भंगार गट एका रॅकेटला ओळखतं आणि दुसरीला सोडतं, असं काही असतं का?

रॅकेटचं तोंड ९८ चौरस इंचांचं, १६ बाय १९ (१६ उभ्या, १९ आडव्या तारा), बीम (कडेची जाडी) २३ मिलिमीटर. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही; या वर्गातल्या चार-पाच फ्रेममध्ये फरक रंगाचा जास्त आणि खेळाचा कमी, आणि हे दुखणं सगळ्यांनाच होऊ शकतं. सप्टेंबरअखेरपासून आठवड्यात चार दिवस, रोज दीड तास, म्हणजे सव्वादोनशे तासांचा वापर. त्यात सोळा वेळा गटिंग (नवं गट ओवणं). कोर्ट सगळी हार्ड.

आधी खेळाचं, कारण त्याबद्दल तक्रार फार नाही. पूर्ण स्विंग करणाऱ्यासाठीच ही फ्रेम आहे. फोरहँडला रॅकेटचं तोंड थोडं झाकून खालून वर घासून मारलं तर चेंडू जाळीवरून दोन हात उंच जातो आणि तरी बेसलाइनच्या आत उतरतो. सेकंड सर्व्हला उसळी चांगली. स्लाइस मात्र मेहनत मागतो. १६ बाय १९ च्या मोकळ्या तारांवरून चेंडू थोडा वरच्या कोनातच सुटतो, त्यामुळे बॅकहँड स्लाइस तरंगतो. मनगट घट्ट ठेवून चेंडूच्या मागून पुढं ढकललं तरच तो खाली राहतो. व्हॉली ठीक. अर्धा स्विंग करून ढकलाढकली करणाऱ्यांनी २८५ ग्रॅमची घ्यावी आणि सुखी राहावं.

डिसेंबरपर्यंत माझं मत वेगळं होतं. फ्रेम लाकडी फळीसारखी कडक, कोपर धरणारी, असं चार जणांना सांगूनही झालं होतं. ते मागे घेतो. दोष फ्रेमचा नव्हता, दुकानातून आलेल्या गटिंगचा होता: १.३० मिमीचं पॉलिएस्टर, ५५ पाउंड ताणावर. ही नायलॉनच्या जमान्यातली सवय. १९९७ मध्ये गुस्तावो कुर्टेननं पॉलिएस्टर घेऊन पॅरिसची फ्रेंच ओपन जिंकली, तेव्हापासून हे गट सगळीकडे पसरलं. टेन्शनचे आकडे मात्र बऱ्याच दुकानांत जुनेच राहिले. पॉलिएस्टर मुळात ताठ असतं, त्याला एवढं ओढायची गरज नाही. त्याची खुबी घसरण्यात आहे. चेंडू तारांवर सुमारे पाच मिलिसेकंद असतो. तेवढ्यात उभ्या तारा बाजूला सरकतात आणि झटक्यात जागेवर येतात, चेंडूला फिरकी मिळते ती तिथून. १.२५ मिमी आणि ४८ पाउंडांवर आल्यावर तीच फ्रेम मऊ वाटायला लागली.

४८ हा आकडा थंडीतल्या सकाळचा आणि इलेक्ट्रॉनिक मशीनचा. क्रँकचं (हातानं फिरवायचं) मशीन ठरलेल्या ओढीला लॉक होतं आणि ओढायचं थांबतं; क्लँप लावेपर्यंत तार थोडी सैल पडते. इलेक्ट्रॉनिक मशीन तोवर ओढतच राहतं. म्हणून क्रँकवाल्याला ५० सांगा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, चेंडूतला दाब वाढतो, चेंडू पळतो. तेव्हा आणखी दोन पाउंड चढवा. गटिंग झाल्यावर पहिल्या दिवसातच पॉलिएस्टर बराच ताण सोडतं, ती चूक गटिंगवाल्याची नाही. पण रॅकेट उन्हातल्या गाडीच्या डिकीत ठेवली तर गेलेला ताण परत येत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारभर डिकी म्हणजे दहा तासांचं गट एका दिवसात म्हातारं.

आता नळीकडे.

फ्रेमला जी भोकं असतात त्यांच्या आत प्लास्टिकच्या बारीक नळ्या बसवलेल्या असतात, त्या म्हणजे ग्रोमेट. सुट्या नसतात, एका पट्टीवर ओळीनं असतात. डोक्याकडची पट्टी आणि कोर्टवर घासणारा बंपर हा एकच तुकडा. काम एकच, तार आणि ग्राफाइट यांना एकमेकांना भेटू न देणं. ग्राफाइटच्या भोकाची कड पात्यासारखी असते. नळी चिरली की पॉलिएस्टर त्या कडेवर टेकतं आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत तुटतं.

कुठं तुटलं यावरून कारण कळतं. मध्यात, खाच पडून तुटलं तर नेहमीची झीज. वरच्या बाजूला, पण भोकापासून दोन-तीन सेंटिमीटर आत तुटलं तर चेंडू फ्रेमजवळ लागलाय, मिसहिट, नशीब. अगदी भोकाच्या तोंडाशी, स्वच्छ कापल्यासारखं तुटलं तर नळी गेली. फ्रेमच्या बाहेरच्या खोबणीत तुटलं तर बंपर झिजून तार उघडी पडलीय आणि सिमेंटवर घासतेय. तिसऱ्या प्रकाराची खात्री करायची असेल तर सगळं गट काढा, कापसाचा बोळा भोकाच्या आतल्या कडेवरून फिरवा. जिथं धागे अडकतात तिथं नळी फाटलेली. आमच्या फ्रेमवर अकराच्या जागी अडकले, आणि ज्या भोकातून दोन तारा जातात त्या दोन्ही ठिकाणीही अडकले.

या दोन तारांच्या भोकांत सगळी गोम आहे. तिथं आधी एक उभी तार ताणून बसलेली असते आणि त्याच भोकातून गाठीचं टोक घालायचं असतं. जागा होत नाही म्हणून गटिंगवाला टोच्या खुपसतो. टोच्या टोकदार असला की नळी उभी चिरते, कधी पहिली तारही ओरखडते. टोक बोथट आणि गुळगुळीत हवं, किंवा आधीपासून त्या भोकात तारेचा एक तुकडा घालून जागा धरून ठेवायची आणि शेवटी तो ओढून काढायचा. दोन मिनिटांचं काम. गाठ मशीननं ओढणं हे दुसरं पाप. गाठ हातानं आवळायची, नाहीतर ती नळीत घुसून बसते.

सोलापुरात उभ्या-आडव्या तारांचं गणित समजावून सांगायला नको, ताणा-बाणा इथं घराघरात माहीत. तरी गटिंगला देताना एवढं सांगा: दोन तुकड्यांत कर, उभ्याला साडेसहा मीटर, आडव्याला साडेपाच, आडव्या डोक्याकडून सुरू करून मुठीकडे ये. खालून वर विणत गेलं तर सगळा दाब शेवटी डोक्याच्या कमानीत साठतो, आणि आपल्या नळ्या तिथंच रडतायत. गट काढताना एका कडेपासून कापत जाऊ नये. मध्यातून सुरू करून एक उभी, एक आडवी असं बाहेर यायचं, म्हणजे फ्रेमवरचा ताण सगळीकडून सारखा उतरतो.

दुकानदाराशी भांडण झालं ते पट्टीवरून. ग्रोमेट आणि बंपर वॉरंटीत नाहीत, हे मान्य. ती झिजायचीच वस्तू. पण पट्टी सुटी मागवून द्या म्हटल्यावर उत्तर आलं की ती वेगळी येत नाही, नवं मॉडेल घ्या. वेगळी येते. बऱ्याच कंपन्या मॉडेलनुसार ती विकतात, फक्त मागवायचा कंटाळा. वीस हजारांच्या घरातली फ्रेम मूठभर प्लास्टिकपायी मोडीत काढायची, हा हिशेब कुठल्या पेठेत चालतो? दोन पट्ट्या बाहेरून मागवल्यात. मागवताना मॉडेलचं वर्ष नीट बघा. त्याच नावाच्या मागच्या पिढीची पट्टी दिसायला सारखी असते, पण भोकांचं अंतर एखादा मिलिमीटर इकडं-तिकडं असलं तरी बसत नाही.

ती येईपर्यंतचा उपाय अक्कलकोट रोडला मिळाला. यंत्रमागाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्यांकडे टेफ्लॉनची स्लीव्ह मिळते. आतून दीड मिमीची घ्या, म्हणजे सव्वाची तार सहज जाते. फुटलेली नळी कटरनं आतल्या बाजूनं छाटा, उरलेला भाग बोथट टोच्यानं बाहेर ढकला, सेंटिमीटरभर स्लीव्ह तिरकी कापून भोकात घाला, आतल्या बाजूला दोन-तीन मिमी बाहेर राहू द्या. तार ओढली की ती स्वतःच बसते. फायबरग्लासची पिवळी स्लीव्ह घेऊ नका, तिचे धागे सुटतात. ठिबकची बारीक नळीही बघितली. ती भोकात शिरतच नाही, बाहेरून फार जाड. स्लीव्ह घातल्यापासून अकराच्या जागी एकदाही तुटलेलं नाही. त्यानंतरची तीन गटिंग ओळीनं मध्यातच तुटली, जशी तुटायला हवी तशी.

पट्टी आल्यावर ती बसवताना घाई नको. आधी पट्टी गरम पाण्यात किंवा हेअर ड्रायरच्या वाऱ्यात मऊ करायची, डोक्याच्या मधोमध सुरुवात करून दोन्ही बाजूंना एकेक नळी दाबत यायचं. प्रत्येक नळीचं तोंड आतून दिसलं पाहिजे. एखादी दुमडून आत राहिली आणि तशीच तार ओढली तर नवी पट्टी पहिल्याच दिवशी वाया.

आणि या सगळ्यात एक गोष्ट उशिरा कळली, त्यामुळे खेळाबद्दलचं आणखी एक मत बदलावं लागतंय. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास रॅकेट पोकळ वाटायला लागली होती. जोरदार सर्व्हिसच्या रिटर्नला तोंड वळायचं, ब्लॉक केलेला चेंडू सर्व्हिस लाइनवरच पडायचा. निष्कर्ष काढला की ग्राफाइट मऊ झालं. मग ३ आणि ९ वाजताच्या जागी दोन-दोन ग्रॅम शिसं चिकटवलं. पाव इंच रुंद शिशाची पट्टी दहा सेंटिमीटर घेतली की साधारण एक ग्रॅम भरते. रिटर्न सुधारला. सर्व्हिसला वरच्या टोकाचं वजन मात्र परत आलं नाही.

कारण काट्यावर सापडलं. नवी असताना गट काढून, नागडी फ्रेम सराफाच्या काट्यावर ३०७.२ ग्रॅम होती. (कागदावर ३०५, कारखाने एवढी सूट घेतातच, दोन रॅकेट घ्यायच्या तर दुकानात काटा मागा.) मार्चमध्ये तीच, शिसं वगळून, ३०५.६. हा दीड-पावणेदोन ग्रॅम गेला कुठं? कोर्टवर. खालच्या चेंडूंना वाकताना बंपर घासून घासून गेला. आता हिशेब करा: स्विंगवेट (रॅकेट फिरवताना जाणवणारं वजन) मुठीच्या टोकापासून दहा सेंटिमीटरवरच्या आसाभोवती मोजतात. रॅकेटचं टोक तिथून अठ्ठावन्न सेंटिमीटर दूर. अंतराचा वर्ग घ्यायचा, म्हणजे टोकावरचा एक ग्रॅम स्विंगवेटचे ३.४ आकडे. १.६ ग्रॅम गेले म्हणजे पाचाहून जास्त आकडे उतरले. रोज खेळणाऱ्याच्या हाताला ते कळतात. ३ आणि ९ ची जागा आसापासून बेचाळीसेक सेंटिमीटरवर, तिथं एक ग्रॅमला पावणेदोनच मिळतात. तिथं शिसं लावून रॅकेट वळायची थांबते. टोकाचा मार परत येत नाही.

म्हणून सध्या बंपरवर १० ते २ च्या कमानीत कापडी चिकटपट्टी आहे. दीड ग्रॅम भरते, झिजली की बदलायची, औषधाच्या दुकानात मिळते. वजनही परत आलं आणि उघड्या तारेवर झाकणही बसलं. शिसं निम्मं काढलं. नवी पट्टी चढली की चिकटपट्टी काढून पुन्हा काट्यावर ठेवावी लागेल, नाहीतर टोक उलट जड होईल आणि तिसऱ्या सेटमध्ये खांदा बोलेल.

किरकोळ: मूळ ग्रिप बरी, ओव्हरग्रिप मेमध्ये तीन दिवसांवर टिकत नाही. एका ओव्हरग्रिपनं मूठ जवळपास अर्ध्या साइजनं वाढते, तेव्हा दोन साइजच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या. रंग खालच्या बाजूला उडाला, त्याचं काही नाही.

खर्चाचं म्हणाल तर रील घेतल्यानं वाचलो. १२ मीटरचे सुटे सेट घेत बसलो असतो तर नऊ महिन्यांत गटावरच फ्रेमच्या किमतीचा मोठा हिस्सा गेला असता. सोळा गटिंगला १९२ मीटर गेलं, रीलमध्ये आठ मीटर उरलंय. त्यात उभ्या तारा होतात, आडव्या नाहीत. पुढच्या वेळी आडव्यांना साधं नायलॉनचं सिंथेटिक गट ५० वर टाकून बघणार आहे. पट्ट्या अजून कस्टममध्येच आहेत.