खिशात मावणारे ईसीजी यंत्र : पावसाळ्यापासून थंडीपर्यंतचा अनुभव

आईला अधूनमधून छातीत धडधड व्हायची, पण नाशिकच्या पंचवटीतून कॅनडा कॉर्नर भागातल्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती थांबलेली असे, त्यामुळे तिथला ईसीजी (हृदयाच्या विद्युत संदेशांचा आलेख) आणि नंतर लावलेला 24 तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगून सतत नोंद घेणारे यंत्र, दोन्ही नॉर्मल आले. हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने आम्ही दोन्ही हातांची बोटे टेकवून 30 सेकंदांचा आलेख काढणारे छोटे यंत्र घेतले.

यंत्राच्या शेऱ्यापेक्षा त्याची पट्टी, म्हणजे काढलेला आलेख, मला अधिक मोलाची वाटते. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यातील सायनस नोड हा पेशींचा पुंजका विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण 60 ते 100 संदेश सोडतो आणि तो संदेश वरच्या कप्प्यांत पसरताना लहानशी पी लहर उमटते. पुढे वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या एव्ही नोडपाशी तो क्षणभर रोखला जातो, म्हणजे वरचे रक्त खाली उतरायला वेळ मिळतो. मग हिसचा जुडगा आणि पर्किंजे तंतू या संदेशवाहक तंतूंमधून तो खालच्या कप्प्यांत वेगाने पोहोचला, की क्यूआरएस नावाचा उंच टोकदार भाग दिसतो. पी लहरीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसपर्यंतचे अंतर सामान्यतः आलेखावरच्या तीन ते पाच बारीक चौकोनांचे, म्हणजे 0.12 ते 0.20 सेकंदांचे असते.

श्रावणातल्या एका पहाटे काढलेल्या पट्टीत पी लहर कुठेच नव्हती, तळरेषा थरथरत होती आणि कोणत्याही दोन क्यूआरएसमधले अंतर एकमेकांशी जुळत नव्हते. डॉक्टरांना पीडीएफ पाठवली आणि त्यांनी एट्रियल फिब्रिलेशनचे निदान पक्के केले. या विकारात वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो; आईचे वय आणि रक्तदाब पाहून त्यांनी रक्त पातळ करणारे औषध लगेच सुरू केले. एवढ्या एका पट्टीने यंत्राची किंमत वसूल झाली, असे मी मनापासून म्हणेन.

उणिवाही आहेत. नाशिकच्या थंडीत कोरड्या, गार बोटांनी आलेख खराब येतो. बोटे किंचित ओली केली आणि कोपर टेबलावर टेकवले, की बरीच सुधारणा होते. ईसीजीचे जनक आइन्थोव्हेन रुग्णाचे हात मिठाच्या पाण्यात बुडवून आलेख घेत, ते याच कारणासाठी. मध्येच एखादा जादा ठोका पडला, तर आमचे यंत्र ‘अनिश्चित’ एवढेच सांगते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे यंत्र एकाच दिशेने हृदय पाहते, त्यामुळे हृदयविकाराच्या झटक्याची शंका त्यावरून फिटत नाही. शेजारच्या काकांच्या छातीत दुखू लागले तेव्हा त्यांनी हेच यंत्र मागितले; आम्ही ते न देता त्यांना सरळ 12 लीडच्या, म्हणजे हृदय बारा दिशांनी पाहणाऱ्या ईसीजीसाठी रुग्णालयात नेले.

सुरुवातीला आई रात्री उठून पुन्हा पुन्हा पट्टी काढायची आणि त्या काळजीनेच तिची नाडी वाढायची. डॉक्टरांनी सकाळी चहाआधी एकदा आणि धडधड झाली तर लगेच, असे ठरवून दिल्यापासून तिची झोप सुधारली आहे.