जुन्या जीपचा मागचा एक्सल आणि धुळ्याची एक बिनपाटीची कार्यशाळा

माझी महिंद्राची १९६४ सालची सीजे-३बी जीप २०२४ च्या मार्चपासून ऑगस्टपर्यंत धुळ्यातील ज्या कार्यशाळेत मागच्या एक्सलमध्ये लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एक चाक घसरले तरी दुसऱ्याला जोर पोहोचवणारी यंत्रणा, बसवण्यासाठी उभी होती, त्या कार्यशाळेच्या दारावर पाटी नाही. मुंबई-आग्रा महामार्गालगत ट्रकच्या कामांची जी रांग आहे, तिच्यातील पत्र्याच्या एका शेडमध्ये सत्तरी ओलांडलेले एक मिस्त्री आणि त्यांचा पुतण्या केवळ गिअरबॉक्स आणि क्राऊन-पिनियनचे (एक्सलमधील मोठ्या आणि लहान दातेरी चाकांचे) काम करतात. ट्रकचालक त्यांना नाना म्हणतात, म्हणून मीही नानाच म्हणू लागलो. काम होऊन आता दोन पावसाळे उलटले आहेत आणि जीप त्या दोन्ही पावसाळ्यांत शेतात भरपूर चालली आहे, त्यामुळे या कामाविषयी आणि त्याला लागलेल्या पैशांविषयी जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते.

आमची शेती फैजपूरजवळ आहे आणि शेती म्हणजे मुख्यतः केळी. मृगबागेची लागवड ऐन पावसाच्या तोंडावर होते, आणि पहिले दोन-तीन जोरदार पाऊस झाले की आमची काळी जमीन टायरला अशी बिलगते की नक्षी दिसेनाशी होते. जीप फोर बाय फोर असूनही बांधावर अडकायची, याचे लोकांना नवल वाटत असे. त्याचे कारण साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे एक्सलच्या मध्ये जोर दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या संचात आहे. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. म्हणजे एक चाक चिखलात घसरू लागले आणि त्याला फिरायला जेमतेम जोर पुरेसा झाला, की कोरड्या जागेवर उभ्या असलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच जेमतेम जोर मिळतो. फोर बाय फोर टाकल्यावर पुढचे एक आणि मागचे एक अशी दोन चाके जागच्या जागी गरगरतात आणि उरलेली दोन स्वस्थ उभी राहतात.

यावर जुना आणि सिद्ध झालेला उपाय म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल. १९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांची मागची चाके जागच्या जागी फिरू नयेत म्हणून फर्डिनांड पोर्शे यांच्या सांगण्यावरून जर्मनीच्या झेडएफ या गिअर बनवणाऱ्या कंपनीने असे डिफरन्शियल तयार केले, आणि १९५० च्या दशकात अमेरिकेत डाना कंपनीचे पॉवर-लॉक नावाचे डिफरन्शियल प्रवासी गाड्यांत व जीपमध्ये येऊ लागले. ३.८ लिटरच्या जग्वार मार्क-२ मध्येही याच जातीचे डिफरन्शियल कारखान्यातूनच बसून येत असे. माझ्या जीपचा मागचा एक्सल डाना-४४ प्रकारचा असल्यामुळे पॉवर-लॉक हीच तिच्या काळाशी आणि तिच्या हाऊसिंगशी (एक्सलच्या बाहेरच्या कवचाशी) जुळणारी वस्तू होती. तिच्या आत दोन आडवे शाफ्ट एकमेकांवर फुलीसारखे बसवलेले असतात आणि त्यांची टोके केसमधील (डिफरन्शियलच्या पेटीतील) तिरक्या उतारांवर टेकलेली असतात. इंजिनाचा जोर आला की ही टोके उतारावर चढू पाहतात आणि दोन्ही बाजूंच्या क्लच प्लेट (एकमेकींना घासून धरणाऱ्या चकत्या) दाबल्या जातात, त्यामुळे घसरणाऱ्या चाकाकडचा जोर बऱ्याच अंशी दुसऱ्या चाकाकडे पोहोचतो.

ही वस्तू शोधायला मी नानांकडे जाण्यापूर्वीच निघालो होतो आणि तिथेच माझे पहिले पैसे बुडाले. परराज्यातील एका विक्रेत्याने फोनवर ‘डाना-४४ चे पॉवर-लॉक’ एवढे सांगून ३८,००० रुपयांना एक जुना नग पाठवला. एक्सलचे नाव जुळले म्हणजे सगळे जुळले, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात माझ्या जीपच्या एक्सल शाफ्टला १९ स्प्लाईन (गिअरमध्ये बसणाऱ्या टोकावरच्या उभ्या खाचा) आहेत आणि आलेल्या नगात ३० स्प्लाईनचे गिअर होते. दुसरी अडचण त्याहून मोठी होती. डाना-४४ साठी ३.७३ पर्यंतच्या रेशोची (क्राऊन आणि पिनियनच्या दात्यांच्या गुणोत्तराची) केस वेगळी आणि ३.९२ पासून पुढच्या रेशोची वेगळी असते, कारण रेशोचा आकडा वाढत जातो तसे पिनियनचे डोके लहान होत जाते आणि क्राऊन पिनियनच्या अधिक जवळ आणावा लागतो. सीजे-३बी चा रेशो ५.३८ आहे, म्हणजे क्राऊनला ४३ दाते आणि पिनियनला ८. माझ्याकडे आलेली केस कमी आकड्याच्या रेशोची होती, तिच्यावर माझा क्राऊन लावला असता तर तो पिनियनपर्यंत पोहोचलाच नसता. विक्रेत्याने नग परत घेण्यास नकार दिला. शेवटी तो दुसऱ्या एका जीपवाल्याला १५,००० रुपयांना दिला आणि २३,००० रुपयांचा तोटा पदरात पडला.

नानांच्या कामाची माझ्या मनावर पहिली छाप पडली ती याच ठिकाणी. मी सुट्या भागाचा भाव विचारला तेव्हा त्यांनी भाव सांगितला नाही. ‘आधी खोलू, मोजू, मग बोलू, भाऊ,’ एवढेच ते म्हणाले. या जीपच्या मागच्या शाफ्टची टोके निमुळती असून त्यांवर चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याने) चाकाचे हब बसवलेले असते आणि साठ वर्षांनी ते हब सहजी निघत नाही. हातोड्याने ठोकून शाफ्टचे टोक फुगवलेल्या जीप मी पाहिल्या आहेत. नानांनी भक्कम पुलर लावला, ताण देऊन तो रात्रभर तसाच ठेवला, आणि सकाळी हब हातोडीच्या एका टिचकीने सुटले. मग स्प्लाईन मोजल्या, क्राऊनचे दाते मोजले, बेअरिंगचे क्रमांक उतरवले आणि दोन शाफ्टच्या मधल्या थ्रस्ट ब्लॉकचे मापही वहीत लिहिले. त्या वहीतील पान फाडून त्यांनी माझ्या हाती दिले आणि खरेदी या पानावरून करायची, असे बजावले.

पुढचे तीन महिने शोधातच गेले. अमेरिकेतून नवा नग मागवायचा तर वाहतूक, सीमाशुल्क आणि त्या वेळचा २८ टक्के जीएसटी धरून हिशेब १,४०,००० च्या घरात जात होता. शुल्क आणि कर यांनीच मूळ किमतीत निम्म्याच्या आसपास भर पडत होती. सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यामुळे आज हा हिशेब थोडा सौम्य होईल. दिल्लीच्या कश्मिरी गेटला विचारून झाले, जुन्या जीपच्या कामासाठी देशभर माहीत असलेल्या मंडी डबवालीला निरोप गेला, आणि शेवटी मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातून नानांच्या ओळखीच्या माणसाने मोडीत निघालेल्या एका जीपचा पूर्ण नग शोधून दिला. त्याची किंमत ६२,००० रुपये ठरली, पण ती ठरण्याआधी नानांचा पुतण्या वहीचे ते पान आणि माझा एक शाफ्ट घेऊन स्वतः मुंबईला गेला आणि शाफ्ट त्या गिअरमध्ये घालून, फिरवून पाहिल्यावरच पैसे दिले गेले. या फेरीचे आणि माल आणण्याचे ३,२०० रुपये लागले. माझ्या मते संपूर्ण खर्चात एवढा सार्थकी लागलेला दुसरा पैसा नाही.

नग उघडल्यावर क्लच प्लेट झिजलेल्या आणि दोन ठिकाणी तापून निळसर झालेल्या निघाल्या. त्यांचा नवा संच १७,५०० रुपयांना आला. बेअरिंग, सील आणि शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) यांचे ११,४०० झाले, तेल आणि ॲडिटिव्हचे (तेलात मिसळायच्या पूरक द्रव्याचे) २,४००, आणि मजुरी १६,००० रुपये. एकूण १,१२,५००, माझ्या आधीच्या चुकीचे २३,००० धरले तर १,३५,५०० रुपये. आमच्याकडे एवढ्या रकमेत बरी जुनी मोटारसायकल दोनदा येते, असे घरात ऐकावे लागले आणि ते बोलणे चुकीचे नव्हते.

मजुरीचे १६,००० अनेकांना जास्त वाटतील, म्हणून त्या पैशांत काय झाले ते सांगतो. जुना क्राऊन नव्या केसवर चढवल्यानंतर नानांनी दात्यांवर पिवळा रंग लावला, हाताने पिनियन फिरवले आणि बॅटरीच्या उजेडात रंग कुठे पुसला गेला आहे ते पाहिले. दाब दात्याच्या मध्यावर यायला हवा होता, तो मुळाकडे उतरला होता. पिनियन बाहेर निघाले, त्याच्या बेअरिंगमागची शिम बदलली, पुन्हा सगळे आवळले, पुन्हा रंग लावला. असे चार वेळा झाले. डायल गेजवर क्राऊनचा प्ले, म्हणजे दात्यांमधली मोकळी हालचाल, इंचाच्या हजारांश भागात मोजला जातो. नानांनी तो ७ हजारांशावर आणून सोडला आणि क्राऊन पूर्ण फिरवून वेगवेगळ्या चार ठिकाणी पुन्हा तपासला. ही जुळणी चुकली तर महागात महाग सुटा भागही काही महिन्यांत रडू लागतो. जीप आज पन्नासच्या वेगाने चालवताना मागून जो आवाज येतो तो फक्त टायरचा असतो.

शेवटची चाचणी माझ्यासमोर झाली. एक मागचे चाक जमिनीवर, दुसरे जॅकवर, गिअर न्यूट्रल. आणि या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून प्रॉपेलर शाफ्टच्या (एक्सलपर्यंत जोर नेणाऱ्या दांड्याच्या) ड्रमवर असल्यामुळे तोही सोडलेला. मग उचललेले चाक टॉर्क रेंचने फिरवायचे आणि किती जोराला ते सरकते ते वाचायचे. जुन्या प्लेटवर नानांनी हीच चाचणी करून २७ फूट-पौंड लिहून ठेवले होते, नव्या प्लेटवर काटा ६८ वर गेला. साध्या डिफरन्शियलमध्ये हेच चाक बोटाने फिरते. त्याच वेळी त्यांनी एक ताकीद दिली, ती प्रत्येक मालकाने लक्षात ठेवावी: असे डिफरन्शियल बसवल्यावर एकच चाक जॅकवर घेऊन इंजिन गिअरमध्ये कधीही चालवू नये, कारण जमिनीवरच्या चाकाला जोर मिळतो आणि गाडी जॅकवरून उडी मारते.

कार्यशाळेच्या उणिवाही सांगायला हव्यात. दोन महिन्यांचा वायदा पाच महिन्यांवर गेला आणि मधल्या काळात फोन क्वचितच उचलला जाई. मला तीन फेऱ्या केवळ चौकशीसाठी माराव्या लागल्या. बिल मागितल्यावरच मिळाले. आणि एक चूक खरोखर त्यांची झाली. पहिल्यांदा साधे नव्वद नंबरचे हायपॉइड तेल भरले गेले, त्यात लिमिटेड-स्लिपचे ॲडिटिव्ह घालायचे राहिले. त्यामुळे जळगावला पोहोचेपर्यंत प्रत्येक वळणावर मागून कडकड असा आवाज येऊ लागला, कारण वळताना प्लेट एकमेकींवर घसरण्याऐवजी अडकत-सुटत होत्या. मी घाबरून फोन केला, आणि या वेळी मात्र तो लगेच उचलला गेला. पुतण्या दुसऱ्या दिवशी एसटीने फैजपूरला आला, तेल काढून नवे भरले, ॲडिटिव्ह घातले आणि मोकळ्या मैदानावर जीप आठच्या आकड्यात वीसेक वेळा फिरवली. आवाज थांबला. पैसे घेतले नाहीत.

आता शेतातला अनुभव. ज्या बांधावर दर जुलैत ट्रॅक्टर बोलवावा लागे, तिथून जीप दोन्ही पावसाळ्यांत घडांनी भरलेली लहान ट्रॉली घेऊन स्वतःच्या बळावर बाहेर आली. चाक अगदीच अधांतरी झाले तर ब्रेक किंचित दाबून ॲक्सिलरेटर द्यावा लागतो, म्हणजे प्लेटवर भार येऊन दुसरे चाक ओढू लागते. सातपुड्यात पालकडे जाताना सुट्या दगडांच्या चढावर मागचे चाक गरगरणे जवळजवळ बंद झाले आहे. मात्र ओल्या डांबरावर सावध राहावे लागते. चाळीसगावच्या पुढे कन्नडच्या घाटात पावसात वळणावर जास्त ॲक्सिलरेटर दिला, तेव्हा मागची दोन्ही चाके एकदम सुटली आणि जीपची मागची बाजू आडवी घसरली. साध्या डिफरन्शियलमध्ये एकच चाक सुटते आणि दुसरे गाडीला सरळ धरून ठेवते, तो आधार आता नाही. ओल्या आडव्या उतारावरही तीच गत होते.

नव्या थारच्या काही प्रकारांत कारखान्यातूनच मागे यांत्रिक लॉकिंग डिफरन्शियल मिळते आणि तो पूर्ण एक्सलच का उचलून बसवला नाही, असे मला अनेकांनी विचारले. त्यासाठी एक्सलच बदलावा लागला असता, आणि त्याबरोबर स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका, प्रॉपेलर शाफ्ट आणि ब्रेकही. शिवाय ही जीप पन्नास वर्षांहून जुनी असल्यामुळे २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतील विंटेज नोंदणीचा विचार माझ्या मनात आहे. त्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे टिकते, पण गाडी मूळ रूपात हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, म्हणून निर्णय अजून लांबणीवर आहे. पण हाऊसिंग, शाफ्ट आणि क्राऊन-पिनियन मूळचेच ठेवल्याने ती वाट मी स्वतःहून बंद केलेली नाही. जीप केवळ दसऱ्याला पुसून मिरवणुकीत नेणाऱ्याने मात्र हा खर्च मुळीच करू नये. त्या पैशांत ब्रेक आणि स्टिअरिंग नवे करून घ्यावे.

ज्यांना नानांकडे जायचे आहे त्यांनी दोन्ही मागचे शाफ्ट काढून सोबत न्यावेत, कारण ते फोटोवरून काहीही सांगत नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर ट्रकची गर्दी असते, तेव्हा दिवाळीनंतर जीप सोडणे बरे. दुपारी एक ते तीन शेड बंद असते. आणि तेलाच्या डब्यावर ‘लिमिटेड-स्लिप’ लिहिलेले आहे की ॲडिटिव्हची बाटली वेगळी आणली आहे, हे त्यांच्यासमोरच पाहून घ्यावे.