फोर-व्हीलसाठी दांडा बरा की बटण?

जुना ट्रक घेताना एक मित्र अडकलाय: एकात फोर-व्हील (चारही चाकांना इंजिनाची ताकद) दांड्याने लागतं, दुसऱ्यात डॅशबोर्डवरच्या बटणाने. दोन्ही ‘सारखेच’ म्हणणाऱ्या विक्रेत्याचं सोडा, बिघडल्यावर काय होतं ते बघा.

दांडा अडला तर कारण बहुधा हाताला लागतं. लिंकेजचे, म्हणजे दांड्याला खालच्या यंत्रणेशी जोडणाऱ्या सळ्यांचे, बुश झिजून दांडा लुळा पडतो. गाडीखाली जाऊन कुणाला तरी दांडा हलवायला सांगितलं की लगेच दिसतं. कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून वळवलं असेल, तर ताण अडकून दांडा निघतच नाही. तेव्हा हातोडा नको, चार-पाच मीटर सरळ रिव्हर्स घ्या, खट्‌कन सुटतो.

बटणाचं तसं नाही. दिवा नुसता लुकलुकतो. फ्यूज, ट्रान्सफर केसवरची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवरची) मोटर, पोझिशन सेन्सर, वायरिंग, कंट्रोल मॉड्यूल, दोष कुठेही असू शकतो. आधी कान द्या: बटण दाबल्यावर मोटरची घरघर येते का? नसेल तर फ्यूज आणि कनेक्टरमधला गंज बघा. येत असेल तर पुढे बहुधा स्कॅनर (गाडीतले इलेक्ट्रॉनिक दोष वाचणारं यंत्र) लागतो. (लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त ओढ देणारा टप्पा, लागत नसेल तर गिअर न्यूट्रलला होता का, हे आधी विचारा. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.)

ट्रान्सफर केसच्या आतली साखळी सैल झाली तर दोन्हींत खर्च साधारण सारखाच.

आडरानात एकट्याने फिरणाऱ्याने दांडा घ्यावा. पावसाळ्यात चार वेळा चिखल आणि एरवी हायवे असेल, तर बटण सोयीचं, पण महिन्यातून एकदा फोर-व्हील लावून परत काढत जा.